गोठलेली नदी आणि काठची माणसं

इ. स. १६०७-०८च्या हिवाळ्यात पश्चिम युरोपातलं पाणी दगडासारखं झालं. लंडनमध्ये थेम्स गोठली आणि तिच्या पात्रावर दुकानं लागली; त्या नवलाईचं वर्णन करणारी एक पुस्तिका १६०८ सालीच छापून विकायला आली. समुद्रापलीकडे नेदरलँड्समध्ये नद्या आणि कालवे गोठले. साधारण त्याच सुमारास हेंड्रिक आव्हरकाम्प या विशीतल्या डच चित्रकाराने सव्वा मीटरहून थोडं अधिक रुंद अशा फळीवर एक हिवाळा रंगवला. ते चित्र आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. गोठलेल्या पाण्यावर शंभराहून अधिक माणसं आहेत. कुणी स्केट बांधून घसरतं आहे, कुणी आपटलं आहे, कुणी ओझं वाहतं आहे, कुणी नुसतंच उभं राहून बघतं आहे.

हवामानबदलाविषयीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हे चित्र आणि त्याच्यासारखी इतर चित्रं सर्रास दिसतात. त्यांच्याखाली ठरलेली ओळ असते : ‘छोट्या हिमयुगातला युरोप’. चित्र म्हणजे जणू त्या काळच्या थंडीचा फोटो. या चित्रांकडे थोडं वेगळ्या बाजूने पाहावं, असा माझा प्रयत्न आहे. थंडी किती होती हे ती फारसं सांगत नाहीत. पण बदललेल्या हवेशी नदीकाठच्या माणसांनी कसं जुळवून घेतलं, ते जुळवून घेणं कुणाला जमलं आणि त्याचे पैसे कुणी मोजले, हे मात्र ती बारकाईने सांगतात. काही वेळा हे सगळं त्यांच्यात जे नाही त्यातून कळतं.

चित्र म्हणजे तापमापक नव्हे

‘छोटं हिमयुग’ हा शब्द थोडा फसवा आहे. चौदाव्या शतकाच्या आसपासपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर गोलार्धाचा बराच भाग आधीपेक्षा थंड राहिला. ही घट सरासरीत पाहिली तर एका अंशाहूनही कमी भरते. सरासरी अर्ध्या-पाऊण अंशाने उतरली तरी टोकाच्या हिवाळ्यांची संख्या वाढते आणि माणसाला सरासरीशी नव्हे, त्या टोकांशी सामना करावा लागतो. ज्वालामुखींचे उद्रेक हे त्यामागचं एक कारण. पेरूमधला वायनापुतिना १६०० साली फुटला आणि पुढचा उन्हाळा युरोपात थंड गेला. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग विलक्षण कमी झाले, तेही एक कारण मानतात. या बदलात माणसाचा हात नव्हता. आजचा बदल उलट दिशेचा आहे, कितीतरी वेगवान आहे आणि तो माणसाने घडवलेला आहे. ही दोन टोकं एकमेकांत मिसळता कामा नयेत.

चित्रांवरून हवामान मोजायचे प्रयत्न झाले आहेत. हान्स न्यूबर्गर या हवामानशास्त्रज्ञाने १९७० साली अमेरिका आणि युरोपातल्या ४१ संग्रहालयांमधल्या बारा हजारांहून अधिक चित्रांतल्या आकाशाची नोंद घेतली. १५५० ते १८५० या काळातल्या चित्रांत ढग आणि अंधार अधिक आहे, असं त्याला आढळलं. निष्कर्ष मोहक आहे. पण चित्रकार आकाश रंगवतो तेव्हा बाहेर डोकावतो त्यापेक्षा अधिक वेळा दुसऱ्या चित्राकडे बघतो. पीटर ब्रॉयगलचं उदाहरण घ्या. १५६४-६५चा हिवाळा कठोर होता आणि १५६५ साली त्याने ‘बर्फातले शिकारी’ रंगवलं, हे खरं. पण ते ऋतुचक्राच्या चित्रमालिकेतलं एक चित्र आहे आणि महिन्यांची चित्रं काढायची परंपरा त्याच्या आधी दीड-दोनशे वर्षं सचित्र प्रार्थनापोथ्यांमधून चालत आलेली होती. त्याच वर्षीच्या त्याच्या दुसऱ्या एका हिवाळी चित्राच्या, ज्यात गोठलेल्या नदीवर माणसं घसरत आहेत आणि काठावर पक्ष्यांसाठी सापळा लावलेला आहे, शंभराहून अधिक प्रती त्याच्या मुलाच्या चित्रशाळेतून आणि इतरांकडून निघाल्या. या प्रती मऊ हिवाळ्यांतही निघत राहिल्या. गिऱ्हाइकाला बर्फ हवा होता, म्हणून तो रंगत होता.

थंडी मोजायची असेल तर चित्रापेक्षा हिशेबाची वही बरी. हॉलंडमध्ये १६३२पासून शहराशहरांना जोडणारे नवे कालवे झाले. काठाने घोडा चाले आणि त्याच्यामागे उतारूंची नाव ओढली जाई. वेळापत्रक ठरलेलं, भाडं ठरलेलं. बर्फामुळे नाव सुटली नाही तर उत्पन्न बुडे, म्हणून त्या दिवसांची नोंद राहिली. यान डी व्रीस या आर्थिक इतिहासकाराने या नोंदी धुंडाळल्या आणि त्यांच्या आधारे हवामानशास्त्रज्ञांनी १६३४पासूनच्या डच हिवाळ्यांचं सरासरी तापमान काढलं. नाव न सुटल्याचा दिवस हा इतिहासाला थंडीचा पुरावा म्हणून मिळाला.

मग चित्राचा उपयोग काय? नाव सुटली नाही त्या दिवशी नावाडी काय करत होता, हे त्या वहीत नाही. ते चित्रात आहे.

आयसेलकाठचा मुका

आव्हरकाम्पचा जन्म १५८५चा, अ‍ॅमस्टरडॅममधला. पुढच्याच वर्षी त्याचं कुटुंब कांपेनला गेलं. कांपेन हे आयसेल नदीच्या मुखाजवळचं जुनं व्यापारी गाव. वडील तिथे गावाचे औषधविक्रेते झाले. हेंड्रिकला ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. गावात आणि पुढे इतिहासातही तो ‘कांपेनचा मुका’ म्हणूनच ओळखला गेला. चित्रकला तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये शिकला, पण आयुष्य कांपेनमध्येच काढलं आणि १६३४ साली तिथेच वारला. आईला त्याची काळजी होती. तिच्या मृत्युपत्रात त्याच्या उदरनिर्वाहाची सोय केलेली आहे.

ज्याला ऐकू येत नाही त्याची नजर तेज होते, असं म्हणायची पद्धत आहे. त्यात सहानुभूती जास्त आणि पुरावा कमी, म्हणून ते मी म्हणणार नाही. पण त्याची रेखाटनं पाहिली की एक गोष्ट दिसते. कोळी, ओझेकरी, जाळं सुकवणारे, घसरगाडी ढकलणारे, अशी माणसं त्याने सुटी सुटी काढून ठेवली आणि पुढे चित्रांतून पुन्हा पुन्हा वापरली. चित्रातलं गाव बहुतेक वेळा कल्पनेतलं असतं. माणसांच्या हालचाली मात्र पाहिलेल्या असतात.

राइक्सम्युझियमने त्याचं ते मोठं चित्र संकेतस्थळावर खुलं केलं आहे. मी ते अनेकदा, कोपऱ्याकोपऱ्याने मोठं करून पाहिलं आहे. आधी डोळ्यांत भरते ती गंमत : नटूनथटून आलेल्या बायका, चेंडू टोलवणारे पुरुष, घोड्याने ओढलेली घसरगाडी. मग हळूहळू काम दिसू लागतं. डाव्या बाजूला बिअर गाळायची जागा आहे आणि तिच्यासाठी बर्फाला भोक पाडून पाणी उपसायची सोय केलेली आहे. होड्या जागच्या जागी बर्फात रुतल्या आहेत, त्यांच्यावर कुणी नाही. खालच्या कोपऱ्यात एक जुनं दार काठीवर टेकवून पक्ष्यांचा सापळा केला आहे. त्याच्याजवळच मेलेल्या जनावराच्या सांगाड्याला कुत्रा आणि पक्षी भिडले आहेत.

या प्रत्येक तपशिलामागे नदीकाठच्या जगण्याचा एक प्रश्न आहे. पाणी गोठलं की सगळ्यांत आधी पिण्याचं आणि कामाचं पाणी अडतं. अ‍ॅमस्टरडॅमभोवतीचं पाणी मचूळ. तिथल्या बिअरवाल्यांना गोडं पाणी बाहेरून नावांनी आणावं लागे. हिवाळ्यात त्यासाठी त्यांनी बर्फ फोडणारी जड नाव ठेवली होती आणि ती ओढायला घोड्यांची मोठी रांग लागे. दुसरा प्रश्न पिठाचा. ब्रॉयगलच्या ‘बर्फातले शिकारी’मध्ये उजवीकडे पाणचक्कीचं चाक बर्फात जखडलेलं आहे. चाक थांबलं की पीठ थांबलं. हॉलंडला वाऱ्याच्या चक्क्यांचा आधार होता, म्हणून तिथे हा फटका सौम्य बसला. तिसरा प्रश्न मालाच्या ने-आणीचा. नाव अडली की घसरगाडी निघे. बोटीला खाली लोखंडी पट्ट्या लावून वर शीड उभारलं की ती बर्फावरून वाऱ्याने धावे. असल्या शिडाच्या गाड्या डच हिवाळी चित्रांत दिसतात आणि आज त्या आपल्याला खेळण्यासारख्या वाटतात. पण नदी हाच ज्यांचा रस्ता होता त्यांनी गोठलेल्या रस्त्यासाठी केलेलं ते वाहन होतं.

दागोमार डेग्रोट या इतिहासकाराने २०१८ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की, छोट्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात डच प्रजासत्ताक भरभराटीला आलं. त्यामागे हिकमत होती, तसा व्यापारही होता. बाल्टिक समुद्राकाठचं धान्य अ‍ॅमस्टरडॅमच्या कोठारांत साठे. थंडीने दुसऱ्यांची पिकं बुडाली की भाव चढे आणि तो चढा भाव याच शहराच्या पदरात पडे. आव्हरकाम्पची चित्रं विकत घेणारा वर्ग या पैशातून उभा राहिला. बर्फावर मजा करणारी माणसं भिंतीवर टांगायची हौस ज्याचं पोट हिवाळ्यातही भरलेलं असतं त्यालाच परवडते. सापळा आणि सांगाडा चित्राच्या कोपऱ्यात असतात. मध्यभागी रेशमी कपडे असतात.

नावाड्यांची जत्रा

इंग्रजांनी हॉलंडशी तीन नाविक युद्धं केली, पण आपला गोठलेला हिवाळा रंगवायला त्यांना डच माणूसच लागला. अब्राहम होंडियस मूळचा रोटरडॅमचा. लंडनला येऊन त्याने १६७७ साली गोठलेली थेम्स रंगवली आणि १६८४ साली टेम्पल घाटाजवळची बर्फावरची जत्रा. पहिल्या चित्रात बर्फाचे प्रचंड तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत आणि मागे जुना लंडन पूल आहे. दुसऱ्यात बर्फ सपाट झाला आहे आणि नदीच्या आरपार तंबूंची सरळ पेठ उभी आहे.

१६८३-८४चा हिवाळा हा साधा हिवाळा नव्हता. मध्य इंग्लंडच्या तापमानाची सलग नोंद १६५९पासून उपलब्ध आहे आणि तीत हा हिवाळा सर्वांत थंड ठरतो. तीन महिन्यांची सरासरी शून्याखाली १.२ अंश सेल्सियस. जॉन एव्हलिन या दरबारातल्या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत जत्रेचं वर्णन केलं आहे : दुकानांच्या रांगा, घोड्यांच्या शर्यती, वेस्टमिन्स्टरहून टेम्पलपर्यंत बर्फावरून भाड्याने धावणाऱ्या बग्ग्या आणि नदीच्या मधोमध एक छापखाना. गोठलेल्या थेम्सवर आपलं नाव छापून घ्यायला लोकांची झुंबड उडे. नावाला सहा पेन्स. एव्हलिनच्या अंदाजाने छापखानेवाला दिवसाला पाच पौंड मिळवत होता. दुसरा चार्ल्स राजाही सहकुटुंब आला आणि त्या सर्वांची नावं छापलेला कागद आजही शिल्लक आहे.

हे सगळं कुठे चाललं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. ते नावाड्यांच्या जागेवर चाललं होतं. लंडनमध्ये जुना पूल हा नदीवरचा एकमेव पूल होता, त्यामुळे माणसांची आणि सामानाची ने-आण नावाड्यांच्या हातात होती. त्यांची संघटना सोळाव्या शतकापासून कायद्याने बांधलेली, भाड्याचे दर ठरलेले, आणि उमेदवारी केल्याशिवाय वल्ही हातात घेता येत नसत. नदी गोठली त्या दिवशी हजारो घरांची रोजची मिळकत थांबली. त्यांना मदत मिळायची कुठलीही निश्चित व्यवस्था नव्हती.

त्यांनी काय केलं, ते होंडियसच्या चित्रात आणि त्या हिवाळ्यात निघालेल्या छापील चित्रपत्रकांत दिसतं. वल्ही उभी रोवून, वर शिडं आणि कांबळी टाकून त्यांनी तंबू केले. नावांना चाकं लावली आणि उतारूंना बर्फावरून फिरवलं. काठाजवळचा बर्फ भरती-ओहोटीने हलत राही आणि फटी पडत; तिथे त्यांनी फळ्या टाकल्या आणि पलीकडे जाणाऱ्याकडून पैसे घेतले. नदी आमची आहे, मग ती वाहती असो की गोठलेली, असा त्यामागचा दावा. १८१४ सालच्या शेवटच्या जत्रेतही हाच फळीचा कर होता. ती जत्रा फेब्रुवारीत जेमतेम चार-पाच दिवस टिकली. ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ बर्फावरून हत्ती चालवल्याची हकीगत त्याच जत्रेतली. मग बर्फ अचानक फुटला आणि काही माणसं बुडाली.

‘हिमजत्रा’ म्हटलं की राजाचं नाव, हत्ती, भाजलेला बैल हे आठवतं. मला ती जत्रा रोजगार बुडालेल्या माणसांनी एका रात्रीत उभा केलेला दुसरा रोजगार वाटते. आज ज्याला हवामानबदलाशी ‘अनुकूलन’ म्हणतात, त्याचा हा अगदी जिवंत नमुना आहे. त्यात कौतुकासारखं खूप आहे. पण हे जुळवून घेणं तात्पुरतं होतं, असुरक्षित होतं, आणि गिऱ्हाइकाच्या मौजेवर अवलंबून होतं, हेही त्यातच आहे.

त्याच एव्हलिनच्या रोजनिशीत दुसरी बाजूही आहे. झाडं थंडीने तडकली. पक्षी मेले. धूर वर न चढता शहरावर बसून राहिला आणि श्वास घेणं अवघड झालं. कोळसा इंग्लंडच्या ईशान्येहून समुद्रमार्गे येई. नदी गोठल्यामुळे तो महागला आणि गरिबांना जगवण्यासाठी वर्गण्या गोळा कराव्या लागल्या. थंडीने काळवंडलेलं, जळण नसलेलं घर होंडियसने रंगवलं नाही. ते रंगवून मागणारं गिऱ्हाईक नव्हतं.

ज्यांचं चित्र निघालं नाही

१७३९-४०च्या हिवाळ्यात थेम्स पुन्हा गोठली. धाकट्या यान ग्रिफिअरचं त्या हिवाळ्याचं चित्र लंडनच्या गिल्डहॉल संग्रहात आहे. वेस्टमिन्स्टरच्या नव्या पुलाचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि चित्रात त्याचे अर्धवट खांब बर्फातून वर आलेले आहेत. आसपास माणसं हिंडताहेत, गप्पा मारताहेत. आणखी एक सुखी हिवाळा.

तीच थंडी आयर्लंडमध्येही पडली. तिथल्या गरिबांचा हिवाळा बटाट्यावर निघायचा आणि बटाटे जमिनीत किंवा मातीच्या ढिगाखाली साठवलेले असायचे. ते जागच्या जागी गोठले आणि कुजले. वसंतात पाऊस आला नाही, गुरं मेली, धान्य महागलं. १७४१ हे वर्ष आयरिश भाषेत ‘संहाराचं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. इतिहासकारांच्या अंदाजानुसार चोवीस लाखांच्या आसपास लोकवस्तीपैकी तीन लाखांहून अधिक माणसं दगावली. एका शतकानंतरच्या मोठ्या दुष्काळापेक्षा प्रमाणाने हा संहार लहान नव्हता, पण त्याची दृश्य स्मृती जवळजवळ नाही. आहे ती दगडात. लोकांच्या हाताला काम म्हणून काही जमीनदारांनी दगडी स्तंभ आणि कमानी बांधवून घेतल्या. डब्लिनजवळ किलिनीच्या टेकडीवर असा एक स्तंभ आहे आणि किल्डेअरमध्ये कॅथरीन कॉनोली या विधवा जमीनदारणीने १७४०मध्ये बांधवलेली एक उंच कमान आहे. आपल्याकडच्या दुष्काळी कामांची आठवण व्हावी अशीच ही कामं. एकाच हिवाळ्याची दोन स्मारकं : लंडनमध्ये तैलचित्र, आयर्लंडमध्ये रोजंदारीवर रचलेला दगड.

मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण आहे. आव्हरकाम्प कांपेनमध्ये आपले शेवटचे हिवाळे रंगवत होता तेव्हा, १६३०-३२मध्ये, दख्खन आणि गुजरात एका भीषण दुष्काळाने होरपळत होते. तुकोबांच्या घरातली माणसं त्यात गेली, हे त्यांचे चरित्रकार सांगतात. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार तोवर सुरतेला होती. वेंगुर्ल्याची वखार थोड्याच वर्षांत, १६३७ साली आली. गुजरातच्या वखारींतल्या डच व्यापाऱ्यांनी दुष्काळाची वर्णनं लिहून ठेवली. युरोपातल्या थंडीने दख्खनचा पाऊस अडवला, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुद्दा चित्रांचा आहे. ज्या प्रजासत्ताकातली माणसं गोठलेल्या नदीची चित्रं घराघरात लावत होती, त्याच प्रजासत्ताकाची माणसं आटलेल्या नद्यांच्या प्रदेशात हिशेब लिहीत होती. एका ठिकाणचं संकट चित्र झालं, दुसऱ्या ठिकाणचं पत्रव्यवहारातला मजकूर झालं. इकडच्या माणसांनी ते अभंगात आणि आठवणीत ठेवलं, पण हवामानाच्या इतिहासाच्या मुखपृष्ठावर ते येत नाही.

म्हणून चित्रांचा संग्रह म्हणजे हवामानाचा संग्रह असं मानणं धोक्याचं आहे. ज्यांना जुळवून घेता आलं आणि त्याचं चित्र टांगायला ज्यांच्याकडे भिंत होती, त्यांचा तो संग्रह आहे.

पूल पाडला तेव्हा

थेम्स १८१४नंतर लंडनमध्ये अशी गोठली नाही की तिच्यावर जत्रा भरावी. सोपं उत्तर असं की, छोटं हिमयुग संपलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. १९६२-६३चा हिवाळा इंग्लंडमध्ये १७४०नंतरचा सर्वांत थंड होता. सरासरी शून्याखाली ०.३ अंश, म्हणजे ग्रिफिअरने रंगवलेल्या हिवाळ्याच्या अगदी जवळ. तेव्हा थेम्स वरच्या अंगाला, विंडसरच्या बाजूला गोठली. लंडनमध्ये ती वाहत राहिली.

फरक होता तो होंडियसच्या १६७७च्या चित्रात मागे दिसणाऱ्या पुलाचा. जुना लंडन पूल १२०९ साली पुरा झाला. त्याच्या एकोणीस अरुंद कमानी आणि प्रत्येक खांबाभोवती नावेच्या आकाराचा रुंद चौथरा. १५८०च्या दशकापासून काही कमानींत पाणी चढवायची चाकंही बसवली होती. या सगळ्याने पात्राचा मोठा भाग अडलेला. पूल कसला, अर्धं धरणच ते. वरच्या बाजूला पाणी संथ होई, खारी भरती कमी पोचे आणि वरून वाहत आलेले बर्फाचे तुकडे कमानींत अडकून एकमेकांना चिकटत. १८३१ साली नवा पूल खुला झाला आणि जुना पाडला गेला. १८७०पर्यंत उत्तर काठावर व्हिक्टोरिया बांध उभा राहिला. नदी अरुंद, खोल आणि वेगवान झाली. आता तिला लंडनमध्ये गोठवायला कितीतरी अधिक थंडी लागेल.

या गोष्टीचं महत्त्व मला थंडीपुरतं वाटत नाही. हवा बदलते तेव्हा नदी काय करेल, हे हवेबरोबरच आपण पात्रात काय बांधून ठेवलं आहे त्यावर ठरतं. तेच बांधकाम एका काळात जत्रेला जागा देतं आणि दुसऱ्या काळात पुराला. आणि दर वेळी त्याचा पहिला परिणाम नदीवर पोट असणाऱ्यांवर होतो. नवे पूल आले, मग आगबोटी आणि रेल्वे आली; थेम्सचे नावाडी बर्फातून तगले, पण पुलांतून तगले नाहीत. एकोणिसाव्या शतकात त्यांचा धंदा ओसरत गेला. त्यावर कुणी जत्रा भरवली नाही.

आता कांपेनमध्ये

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणाऱ्या सुमारे दोनशे किलोमीटर गोठलेल्या पाण्यावरून स्केटिंगची एक शर्यत होते. १९०९पासून ती पंधरा वेळा झाली. तिच्यासाठी सबंध मार्गावर पंधरा सेंटिमीटर जाड बर्फ लागतो. शेवटची शर्यत ४ जानेवारी १९९७ला झाली. त्यानंतर तसा बर्फ जमलेला नाही. दर हिवाळ्यात थोडी थंडी पडली की वर्तमानपत्रांत शर्यतीची चर्चा सुरू होते आणि पाणी पुन्हा मोकळं झालं की थांबते. आव्हरकाम्पची चित्रं आज डच माणसाला दूरची वाटतात ती कपड्यांमुळे तितकी नाही, जितकी बर्फामुळे. एके काळी जो ऋतू होता, तो आता संग्रहालयात बघावा लागतो.

खुद्द कांपेनला आज भीती आहे ती पुराची. १९९३ आणि १९९५ साली ऱ्हाइन आणि म्यूझ नद्यांना मोठे पूर आले. १९९५मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. शतकानुशतकं बांध उंच करत आलेल्या या देशाने त्यानंतर धोरण बदललं आणि नदीला जागा परत द्यायचं ठरवलं. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे सरकवले, पात्रं रुंद केली, जोडपात्रं खोदली. कांपेनच्या दक्षिणेला आयसेलचं पाणी वळवण्यासाठी रेव्हेडीप नावाचा नवा प्रवाह खोदला आणि तो २०१९मध्ये सुरू झाला. आव्हरकाम्पच्या गावाने चारशे वर्षांनी नदीशी केलेली ही नवी तडजोड.

या कार्यक्रमाचं कौतुक जगभर होतं आणि ते रास्तही आहे. त्याच कार्यक्रमात देशाच्या दक्षिण भागातली ओव्हरडीप नावाची बांधबंदिस्त शेतजमीन मोठ्या पुराच्या वेळी पाण्याखाली जाऊ द्यायचं ठरलं. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा सुचवला : बांधालगत उंच मातीचे चौथरे करायचे आणि त्यांवर गोठे आणि घरं बांधायची. सतरा शेतघरांपैकी निम्म्याच्या आसपास त्या चौथऱ्यांवर राहिली. बाकीची उठून गेली. प्रसिद्ध छायाचित्रांत हिरव्या चौथऱ्यांवरची नवी, नेटकी घरं दिसतात. उठून गेलेली घरं कुठल्याच चौकटीत नाहीत.

हवामानबदलाची चित्रं, छायाचित्रं, चित्रपट यांचा पूर आता आपल्याकडेही येतो आहे. नव्या बांधांच्या, तरंगत्या घरांच्या, हसऱ्या मुलांच्या अनेक प्रतिमा त्यात असतील. त्या खोट्या असतील असं नाही. आव्हरकाम्प खोटा नव्हता, होंडियसही नव्हता. फक्त त्या पाहताना त्यांच्याच चित्रांनी दिलेली सवय सोडू नये : आधी कोपरे बघावेत, मग मध्य. रुतलेल्या होडीवर माणूस का नाही, फळी कुणी टाकली आहे, आणि पलीकडे जाण्याचे पैसे कोण कुणाला देत आहे, हे आधी विचारावं.